एका वाक्यात उत्तरे द्या

जन्माने एका देशाच्या असलेल्या माणसाने कायद्याने ठरवून दिलेल्या मार्गाने दुसऱ्या देशाचे नागरिक होणे याला नागरिकीकरण म्हणतात, आणि या मार्गावर अर्जदाराला समोर बसवून प्रश्न विचारण्याचा जो टप्पा येतो त्याला मावळ तालुक्यात, म्हणजे तळेगाव दाभाड्यापासून लोणावळ्याच्या घाटमाथ्यापर्यंत, ‘सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू’ असे म्हटले जाते. हा इंटरव्ह्यू अमेरिकेतील एखाद्या सरकारी कचेरीत होतो आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत आटोपतो. परंतु त्याची तयारी मात्र दोन खंडांतील दोन घरांत काही महिने चालते, तीत तीन पिढ्या भाग घेतात, आणि ज्याची परीक्षा असते तो सोडून बाकी सर्वांना ताप येतो. या विधीकडे मराठी अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले असल्याने त्याची पद्धतशीर मांडणी येथे करणे अप्रस्तुत ठरू नये.

अर्जदारांचा जो वर्ग येथे अभिप्रेत आहे तो ओळखायला सोपा आहे. मुलगा किंवा मुलगी हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानात नोकरीला लागते, तेथून कंपनीतर्फे अमेरिकेला जाते, ‘दोनच वर्षांत परत येणार’ असे सांगते, आणि यथावकाश तेथील नागरिक होते. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकाला आपल्या आईवडिलांसाठी कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजेच ग्रीन कार्ड, मागता येतो, आणि या नात्याला वार्षिक मर्यादेची आडकाठी नसते. त्यामुळे रेल्वेतून, शाळेतून किंवा कारखान्यातून निवृत्त होऊन तळेगावात स्वतःचे घर बांधून बसलेले जोडपे, नातवंडाच्या बारशाला म्हणून निघते आणि कायमचे रहिवासी होऊन बसते. त्यासाठी पोलिसांचा ना-हरकत दाखला लागतो, आणि येथे मावळची पहिली गुंतागुंत पुढे येते. कारण १५ ऑगस्ट २०१८ पासून तळेगाव पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे आहे, तर शेजारचे वडगाव आणि वरचे लोणावळे पुणे ग्रामीण पोलिसांकडे राहिले आहे, आणि तालुक्यातल्या तालुक्यात घर बदललेल्या माणसाला आपले चारित्र्य नेमके कोणाच्या हद्दीत चांगले होते हे आधी ठरवावे लागते.

ग्रीन कार्ड मिळाल्यावर सर्वसाधारणपणे पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, मात्र त्या पाच वर्षांपैकी निदान तीस महिने अर्जदाराने प्रत्यक्ष अमेरिकेच्या भूमीवर काढलेले असावे लागतात, आणि एका दमात सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास वास्तव्य खंडित झाले असे गृहीत धरले जाते. हा नियम करणाऱ्यांना मावळातील वर्षाची रचना ठाऊक नसावी. जूनमध्ये घराच्या गच्चीची गळती बघायला कोणीतरी यावे लागते, भाद्रपदात गणपती असतो, तो आटोपला की नवरात्र, नवरात्रात कार्ल्याची एकवीरा, पाठोपाठ दिवाळी, आणि दिवाळीनंतर तुळशीचे लग्न लागले की भाचीचे लागते. अशा स्थितीत सहा महिन्यांच्या आत परतायचे म्हणजे एखाद्या मंगलकार्यावर पाणी सोडणे आले. म्हणून अमेरिकेतील मराठी स्वयंपाकघरात शीतकपाटाच्या दारावर टांगलेल्या दिनदर्शिकेवर दोन प्रकारच्या खुणा आढळतात, एक चतुर्थ्यांची आणि दुसरी मुक्कामाच्या दिवसांची. आणि दुसऱ्या प्रकारात चूक झाल्यास उपास करूनही भागत नाही.

यानंतर एन-४०० या क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो, आणि मुलाखतीतील अधिकारी हाच अर्ज समोर ठेवून त्यातील प्रश्न पुन्हा तोंडी विचारतो. बाहेरच्या माणसाचा असा समज असतो की मुलाखतीतील अवघड भाग अमेरिकेच्या इतिहासाचा असावा. वस्तुस्थिती उलट आहे. इतिहास पाठ करता येतो. अवघड असतो तो स्वतःविषयीचा भाग, कारण अर्जातील चौकोन लहान आहेत आणि मराठी माणसाचे आयुष्य ‘होय’ किंवा ‘नाही’ या दोन घरांत बसेल अशा बेताने जगलेले नसते.

पहिलाच प्रश्न नावाचा. जन्मापासून वापरलेली सर्व नावे, माहेरचे नाव आणि टोपणनावे यांसह, देण्यास अर्ज सांगतो. ज्या स्त्रीचे माहेरचे नाव कुसुम होते, लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने ज्या नावाची अक्षरे काढली गेली ते सुलभा, जिला माहेरी ताई, सासरी वहिनी, आळीत पाटीलकाकू आणि भजनात माई म्हणतात, आणि दुसरी आजी नाशिकला असल्यामुळे नातवंडांच्या लेखी जी ‘तळेगावची आजी’ आहे, तिने या चौकोनात काय लिहावे याविषयी कुटुंबात एकमत होत नाही. शाळा सोडल्याचा दाखला कुसुमच्या नावाने, पारपत्र सुलभाच्या नावाने आणि वीजबिल सासऱ्यांच्या नावाने असल्यामुळे प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. ‘तळेगावची आजी’ हे टोपणनाव आहे की पत्ता, हा मुद्दा तर अद्याप अनिर्णितच म्हणावा लागेल.

जन्मतारखेची स्थिती याहून नाजूक असते. महाराष्ट्रात एका विशिष्ट पिढीतील असंख्य माणसांची जन्मतारीख १ जून आहे. त्यामागे ग्रहयोग नसून शाळा आहे. जूनमध्ये शाळा उघडत असे, मूल सहा वर्षांचे दिसले की वडील त्याला घेऊन जात, आणि खरी तारीख विचारल्यावर ‘पंचमीच्या पुढेमागे, पाऊस फार होता’ एवढीच माहिती मिळाल्यामुळे गुरुजी हिशेबाला सोपी अशी तारीख नोंदवून मोकळे होत. परिणामी पती १ जून, पत्नी १ जून, आणि पाठीराखा भाऊही १ जून, असे कागद एकत्र होतात. अधिकाऱ्याने याबद्दल पृच्छा केलीच, तर गुरुजींचे नाव, शाळेचे स्थान आणि त्या वर्षीच्या पावसाचा वृत्तान्त सांगण्यास अर्जदार उत्सुक असतो. अधिकाऱ्याला मात्र तारीखच हवी असते.

पुढचा विभाग चारित्र्याचा. ‘चांगले नैतिक चारित्र्य’ हा नागरिकत्वाच्या कायद्यातील पारिभाषिक शब्दप्रयोग असून, सवयीचा मद्यपी किंवा बेकायदा जुगारावर गुजराण करणारा इसम त्या निकषात बसत नाही. पुणे-लोणावळा लोकलमध्ये तीस वर्षे ठरावीक डब्यात, ठरावीक चौघांबरोबर, मांडीवर पिशवी आडवी धरून रमी खेळत आलेला निवृत्त कारकून या प्रश्नापाशी अडखळतो. पैसे लावले होते काय, तर लावले होते. मिळकत झाली काय, तर कामशेतच्या सहकाऱ्याची झाली. तीच गोष्ट अटकेची. कधी अटक झाली होती का, ताब्यात घेतले होते का, दंडाची नोटीस मिळाली होती का, असे विचारल्यावर सरळमार्गी माणसाला आपल्या आयुष्यात काहीच न घडल्याची जी खंत असते ती उफाळून येते, आणि एखाद्या रास्ता रोकोत दुपारपर्यंत पोलीस ठाण्याच्या आवारात बसवून चहा देऊन सोडल्याची हकीकत सांगण्याची त्याला अनावर इच्छा होते. निवृत्त शिक्षकांचा वर्ग तर हेल्मेट न घातल्याबद्दल तळेगाव स्टेशनच्या चौकात भरलेल्या दंडाची पावती जपून घेऊन जातो, कारण खरे बोलावे हे त्यांनी इतरांना पस्तीस वर्षे शिकवलेले असते.

२०२४ पूर्वी वापरात असलेल्या अर्जाच्या नमुन्यात एक प्रश्न असा होता की अर्जदार जगात कोठेही, केव्हाही, कोणत्या संघटनेचा, संस्थेचा, निधीचा, पक्षाचा, क्लबचा किंवा मंडळाचा सभासद होता काय. हा प्रश्न रचणाऱ्याला सभासद असणे ही अपवादात्मक बाब वाटत असावी. मावळातील सामान्य गृहस्थ हा एकाच वेळी सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सभासद, पतसंस्थेचा ठेवीदार, ज्येष्ठ नागरिक संघाचा माजी चिटणीस, गणेशोत्सव मंडळाचा सल्लागार, ग्रंथालयाचा आजीव वर्गणीदार आणि दिंडीचा वारकरी असतो, तर त्याची पत्नी भजनी मंडळ, हळदीकुंकू मंडळ आणि दोन भिश्यांत असते. भिशी म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम एकत्र करून ती पाळीपाळीने एकेका सभासदाला देण्याची घरगुती व्यवस्था. हिचे लेखी घटनापत्र नसते, नोंदणी नसते, आणि पैशाचा माग पिठाच्या डब्यापर्यंत जाऊन थांबतो, हे सर्व परदेशी अधिकाऱ्याला समजावून सांगताना प्रामाणिक माणसाचाही चेहरा अपराध्यासारखा होई. ‘निधी’ या शब्दापाशी तर तळेगावकर हमखास थांबे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ च्या सुमारास तळेगावात काच कारखाना निघाला, आणि त्या फंडाला आपल्या पणजोबांनी पैसा दिला होता असे सांगणारी घरे अजून गावात आहेत. पणजोबांचा एक पैसा अर्जात दाखवावा की नाही यावर दूरध्वनीच्या पडद्यावर झालेली चर्चा त्या पैशाच्या मानाने बरीच महाग पडे.

वंशपरंपरागत पदव्यांचा प्रश्न हा या अर्जाचा कळस होय. आपल्याकडे परदेशातील एखादी वंशपरंपरागत पदवी किंवा सरदारी आहे काय, आणि असल्यास ती सोडण्याची तयारी आहे काय, असे अमेरिकेचे सरकार विचारते. हा प्रश्न युरोपातील उमराव डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे, परंतु तो येऊन आदळतो पाटील, देशमुख, इनामदार, देशपांडे आणि कुलकर्णी यांच्यावर. वास्तविक परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने आणि मुलकी पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने रद्द झाले. म्हणजे सरकारदप्तरी सोडण्यासारखे काही शिल्लक राहिलेले नाही. तरीही गावच्या जत्रेत पालखीला पहिला खांदा कोणाचा, आणि पोळ्याला पहिली बैलजोडी वेशीतून कोणाची जाणार, या बाबी कायद्याने सुटलेल्या नसल्यामुळे ‘पदवी नाही’ असे लिहिताना पाटलांचा हात जड होतो. लिहितात ते ‘नाही’च, मात्र सहीत आडनाव नेहमीपेक्षा ठळक येते.

यापुढचा प्रश्न असा की, कायद्याने आवश्यक ठरल्यास अमेरिकेसाठी शस्त्र हाती घ्याल काय. अडुसष्ट वर्षांच्या, गुडघ्यांना पट्टा बांधलेल्या आजींना हा प्रश्न विनोदी वाटावा. पण लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना ज्यांना अंगणातून दिसत आले, आणि ज्यांच्या पूर्वजांना स्वराज्यात ‘मावळे’ हेच नाव पडले, त्यांच्याकडून ‘होय’ हे उत्तर एवढ्या तत्परतेने येते की अधिकाऱ्यालाच सावरून बसावे लागावे. शस्त्र नको असल्यास नागरी देखरेखीखाली राष्ट्रीय महत्त्वाचे काम करण्याचा पर्याय शपथेत आहे. ग्रामसफाईची मोहीम आणि पाणलोटाचे चर खणणे पाहिलेल्या पिढीला हे श्रमदान असल्याचे लगेच उमगते, आणि जेवणाची सोय कोणाकडे आहे एवढाच पोटप्रश्न उरतो.

आता नागरिकशास्त्राकडे वळता येईल. या परीक्षेची जी आवृत्ती २००८ पासून चालू होती तीत शंभर प्रश्नांची यादी असे, अधिकारी त्यांतील जास्तीत जास्त दहा विचारी आणि सहा बरोबर आले की पुरे होई. २० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल झालेल्या अर्जांना नवी परीक्षा लागू असून तीत यादी १२८ प्रश्नांची, विचारावयाचे प्रश्न वीसपर्यंत आणि उत्तीर्ण होण्यास बारा बरोबर उत्तरे हवीत. ज्यांचे वय ६५ झाले आहे आणि ज्यांच्या कायम वास्तव्याला वीस वर्षे झाली आहेत त्यांना केवळ वीस प्रश्नांची छोटी यादी दिली जाते, आणि परीक्षा मातृभाषेतही देता येते. ही सवलत उदार आहे यात शंका नाही; मात्र वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी तळेगाव सोडलेल्या गृहस्थाला ती त्र्याऐंशीव्या वर्षी मिळते, आणि तोवर त्याने पूर्ण यादी तीनदा पाठ केलेली असते.

पाठांतर हा मराठी शिक्षणाचा भक्कम पाया असल्यामुळे या भागात अडचण येत नाही. देव्हाऱ्याच्या बाजूला, चहाच्या डब्यावर आणि स्नानगृहाच्या आरशावर प्रश्नोत्तरांच्या चिठ्ठ्या लागतात. घटनादुरुस्त्या सत्तावीस, सिनेटर शंभर, ध्वजावरील पट्टे तेरा हे आकडे पाढ्यांच्या चालीवर म्हटले जातात, आणि शंभराहून अधिक घटनादुरुस्त्या झालेल्या देशातून आलेल्या माणसाला सत्तावीस हा आकडा ऐकून त्या बिचाऱ्या राज्यघटनेची कीवच येते. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील हक्क सांगताना जीवन, स्वातंत्र्य आणि सुखाचा शोध असे उत्तर द्यावयाचे असते. शोधण्याचा हक्क आहे, सापडण्याची हमी नाही, हा बारकावा इंद्रायणीकाठी कीर्तने ऐकत वाढलेल्या माणसाला वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

खरी अडचण उत्तराच्या लांबीची असते. मराठी शाळेतील प्रश्नपत्रिकेत ‘एका वाक्यात उत्तरे द्या’ हा प्रश्न एकेका गुणाचा असे, आणि मान ‘सविस्तर उत्तरे लिहा’ या प्रश्नाला असे. पुरवणी मागणारा विद्यार्थी हुशार समजला जाई. अमेरिकेची मुलाखत आरंभापासून अखेरपर्यंत एका वाक्यात उत्तरे देण्याची आहे, आणि पुरवण्या लावण्याची सवय जडलेल्या पिढीला ती तोडावी लागते. म्हणून घरोघरी सराव मुलाखती होतात, ज्यांत दहा-बारा वर्षांची नात अधिकारी होते आणि आजोबा अर्जदार. नमुन्यादाखल अशा सरावाचा एक तुकडा पाहण्यासारखा आहे.

‘वसाहतवाले ब्रिटिशांशी का लढले?’

‘कर जास्त होते म्हणून. पण बाळा, त्याच सुमारास आपल्या वडगावला काय झालं माहितीये का—’

‘आजोबा, विचारलं तेवढंच सांगायचं!’

‘अगं, त्याशिवाय त्यांना कळणार कसं?’

‘त्यांना कळायला नकोच आहे. त्यांना फक्त बरोबर की चूक लिहायचंय.’

येथे आजोबांची बाजू ऐतिहासिकदृष्ट्या भक्कम आहे, हे नमूद करणे भाग आहे. अमेरिकेतील वसाहती इंग्रजांशी झुंजत असतानाच, जानेवारी १७७९ मध्ये, बोरघाट चढून पुण्यावर चालून आलेली ईस्ट इंडिया कंपनीची मुंबईची फौज मराठ्यांनी तळेगावाहून माघारी फिरवली, वडगावला कोंडीत पकडली आणि महादजी शिंद्यांपुढे तिला तहावर सही करावी लागली. दोनच वर्षांनी, १७८१ मध्ये, यॉर्कटाउनला वॉशिंग्टनपुढे शरण आलेला लॉर्ड कॉर्नवॉलिस पुढे १७८६ मध्ये हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल म्हणून आला, म्हणजे तेथे नापास झालेल्याला येथे बढती मिळाली. इतका रंगतदार मजकूर खिशात असताना ‘कर जास्त होते’ एवढ्यावर थांबणे हे वडगावच्या माणसाला किती क्लेशकारक होत असेल याची कल्पना अधिकाऱ्याला येणे शक्य नाही. जुन्या यादीतील, देशातील दोन सर्वांत लांब नद्यांपैकी एक सांगा, या प्रश्नावरही हाच प्रसंग ओढवे. ‘मिसिसिपी’ म्हणून झाल्यावर जी शांतता पडे ती मोडण्यासाठी, लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावून देहू-आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळणारी इंद्रायणी अर्जदाराच्या ओठांवर येऊन उभी राही.

इंग्रजीच्या परीक्षेत तीन वाक्यांपैकी एक वाचून दाखवायचे आणि तीनपैकी एक ऐकून लिहायचे असते. यातील दुसरा भाग म्हणजे आपले शुद्धलेखन, आणि त्यात मावळी अर्जदार सहसा हरत नाही; उलट अधिकाऱ्याने ‘नागरिक मतदान करू शकतात’ एवढेच छोटे वाक्य घातले तर आणखी एक परिच्छेद तरी घालायला हवा होता, असे निवृत्त शिक्षिकांचे मत पडते.

प्रत्यक्ष मुलाखतीच्या दिवशी अर्जदाराबरोबर एक जाड धारिका असते. तीत पारपत्रे, करविवरणे, आधारपत्र, शिधापत्रिका, दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले, १९७९ ची लग्नपत्रिका, त्या लग्नातील आहेराची वही आणि असावा म्हणून सातबाराचा उतारा, म्हणजे शेतजमिनीची मालकी व पिके नोंदवणारा गावदप्तरातील कागद, इतक्या वस्तू क्रमवार लावलेल्या असतात. अधिकारी ग्रीन कार्ड आणि पारपत्र पाहतो. बाकी कागद कोणीही मागत नाही, आणि इतक्या परिश्रमाने जमवलेला पुरावा न तपासता एखादे राष्ट्र माणसाला आत घेते तरी कसे, याबद्दल त्या राष्ट्राविषयीचा आदर किंचित कमी होऊनच अर्जदार बाहेर पडतो. पिशवीत लोणावळ्याची चिक्कीही असते. पाहुण्याने रिकाम्या हाताने जाऊ नये हा येथील नियम आणि सरकारी अधिकाऱ्याने अर्जदाराकडून भेट घेऊ नये हा तेथील नियम यांचा संघर्ष दरवाजाबाहेरच सुटलेला बरा. आतापर्यंतच्या प्रथेनुसार ती चिक्की वाहनतळावर थांबलेला जावई संपवतो.

तौलनिक अभ्यासासाठी उलट दिशेचा प्रवासही पाहिला पाहिजे. परदेशी माणसाला भारताचे नागरिक व्हायचे असल्यास १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात त्याची पात्रता दिलेली आहे; अर्जापूर्वीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी एकूण अकरा वर्षे भारतात वास्तव्य, चांगले चारित्र्य, आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एखाद्या भाषेचे पुरेसे ज्ञान, ही त्यातील सर्वसाधारण कलमे होत. या अनुसूचीत बावीस भाषा असून त्यांत मराठीप्रमाणे संस्कृतही आहे. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या कैवल्यधाम संस्थेत योग शिकायला जगभरातून माणसे येतात, आणि त्यांपैकी एखाद्याने चौदा वर्षांत पतंजली मुखोद्गत केल्यास भाषेपुरता तो कायद्याने पात्र ठरेल, जरी बाजारात मेथीची जुडी केवढ्याला हे त्याला विचारता आले नाही तरी. उलट, दर शनिवारी मुंबईहून येऊन तुंगार्लीच्या बंगल्यात दोन रात्री काढणारा, आणि ‘आम्ही लोणावळ्याचेच’ असे सांगणारा गृहस्थ कोणत्याच परीक्षेला बसत नाही; त्याचे नागरिकीकरण द्रुतगती मार्गावरच्या टोलच्या पावतीने होते.

मावळात परक्याला आपले करून घेण्याची रीत मात्र कायद्याहून पुष्कळ जुनी आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात, जे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे, काही खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांची, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या ग्रीक किंवा तत्सम परदेशीयांची, नावे ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत कोरलेली आहेत. आपण कोण, कोठले आणि काय दिले, इतकी माहिती प्रत्येकाने एका वाक्यात दिली आहे. एकानेही पुरवणी लावलेली नाही, आणि ते दोन हजार वर्षे तेथे टिकून आहेत. दुसरे उदाहरण १७७९ च्या त्याच मोहिमेतील कॅप्टन स्टुअर्टचे. तो लढायला आला होता, कार्ल्याजवळ पडला, आणि ज्यांच्याशी लढला त्यांनीच त्याच्या शौर्यावर खूश होऊन त्याला ‘इष्टुर फाकडा’ केले. वडगावात त्याची समाधी आहे. त्याला कोणी वास्तव्याचे दिवस विचारले नाहीत, आणि नाव बदलण्यासाठी त्याला अर्जही करावा लागला नाही.

आधुनिक अर्जदाराचे मुलाखतीत उत्तीर्ण झाल्यावरही संपत नाही. शपथविधीत त्याला परदेशी राजे, सत्ताधीश आणि राज्ये यांच्यावरील सर्व निष्ठा सोडल्याचे सांगावे लागते, आणि १९५५ च्या कायद्याच्या नवव्या कलमानुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेताच त्याचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. भारतीय पारपत्र परत करून त्याचा दाखला घ्यावा लागतो, मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशस्थ भारतीय मूळ असलेल्यांसाठीची आजीव प्रवेशाची सनद, मिळते. या कार्डावर मावळात केव्हाही येता येते आणि हवे तितके राहता येते, वडिलोपार्जित शेत वारसाहक्काने मिळू शकते. नवी शेतजमीन किंवा फार्महाऊस मात्र विकत घेता येत नाही. पवना धरणाच्या काठी गुंठ्याचा भाव आणखी वाढल्याचे ऐकून ज्याला रात्री झोप येत नसे त्याला हे कलम वाचल्यावर प्रथमच स्वस्थ झोप लागते, असेही काही कुटुंबांतून सांगतात.

या सर्व विवेचनावरून अर्जदारांना दोनच सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, मुलाखतीत विचारले तेवढेच सांगावे, आणि महादजी शिंदे, गुरुजी व इंद्रायणी यांना शपथविधीनंतरच्या जेवणासाठी राखून ठेवावे, जेथे ऐकायला माणसे असतात आणि उठून जायला जागा नसते. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे. नागरिकत्व संपले की मतदानाचा हक्कही संपतो, परंतु मावळच्या मतदारयादीतील नाव शपथ घेतल्याने आपोआप पुसले जात नाही, आणि निवडणूक आली की तळेगावच्या बंद दारावर त्या नावाची चिठ्ठी येऊन पडते. ते नाव वगळण्यासाठी नमुना ७ भरून द्यावा लागतो. त्यासाठी मुलाखत होत नाही.